सुतातली शांतता

मुंबईच्या वाकोल्यात शांतता मागून मिळत नाही. विमान डोक्यावरून गेलं की बोलणारा तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवतो. हायवेची घरघर रात्री विरळ होते, पण सरत नाही. त्यामुळेही असेल, मार्जरी साइक्स यांच्याविषयी वाचताना मला आधी त्यांची शांतता दिसली, काम मागाहून.

बाई यॉर्कशायरच्या, खाणमजुरांच्या मुलखातल्या. जन्म 1905 चा. 1928 मध्ये मद्रासला शिकवायला आल्या, तिथे असतानाच क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेल्या, पुढे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात रमल्या. क्वेकरांच्या उपासनेला ना पाद्री लागतो, ना घंटा. माणसं जमतात आणि गप्प बसतात. आतून काही उमटलंच तर एखादा चार शब्द बोलतो, पुन्हा खाली बसतो. ही सवय अंगात मुरवून त्या 1949 च्या सुमारास सेवाग्रामला आल्या आणि आर्यनायकम दांपत्य चालवत असलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या हाताने काम करत शिकायच्या शिक्षणात, दहाएक वर्षं राहिल्या. 1937 च्या वर्धा परिषदेत रुजलेलं ते रोप आता झाड झालं होतं.

तिथं पहाटेच्या प्रार्थनेपासून मुलांचा दिवस सुरू व्हायचा, मग झाडलोट, संडाससफाई, मोट, भाजीचे वाफे, चुलीवरचं शिजतं अन्न, आणि या सगळ्यातून, विदर्भाच्या त्या पांढऱ्या उन्हातून, गणित, भूगोल, आरोग्य असं हळूहळू झिरपत यायचं, जणू ते कुणी शिकवलंच नाही.

आणि कापूस.

एकदा तिथं मी पेळू हातात घेतला होता. सरकी काढून पिंजलेला तो कापूस इतका हलका, की बोटांना वजन लागेना, फक्त ऊब लागली. तकली फिरवली, सूत दीड वीत आलं आणि तुटलं. घाई केली की तुटतं, लक्ष उडालं की गाठ पडते. चार फुटांची एक तार, 640 तारांची गुंडी: म्हणजे पाऊण किलोमीटरहून लांब सूत, पोरासोराच्या बोटांतून निघालेलं. त्या वेळात वर्ग कसा गप्प होत असेल! दटावून नव्हे, सुतापायी. क्वेकर बाईंना ती शांतता घरचीच वाटली असणार. (आमच्याकडे मुलांचे ‘प्रोजेक्ट’ रात्री अकराला आया करतात, तेव्हाही घर गप्प असतं, पण ते वेगळं.)

नई तालीम फसली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. आपण ती खेड्यातल्या पोरांसाठी बरी म्हटली आणि आपली पोरं इंग्रजी शाळेत घातली. आपल्याला नको असलेली गोष्ट फसली कशी म्हणायची?

मार्जरीबाई 1995 मध्ये इंग्लंडात वारल्या. सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात 2005 पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा भरते आहे. वर्ध्याला गेलात तर बापूकुटी पाहून लगेच गाडी गाठू नका. शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.