जुना कॉम्प्युटर, नवा द्राक्षारस



ग्वाल्हेरच्या आमच्या चर्चमधला जुना कॉम्प्युटर अपडेटनंतर सारखा अडकतो. त्यातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आधी पेनड्राइव्हवर घेतल्या, मग आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले. नवी सिस्टीम जास्त रॅम मागते. फिरणारी जुनी हार्ड डिस्क तिला पुरी पडत नाही. रॅम वाढवून एसएसडी बसवली, तर तो अजून काही वर्षे सेवा देऊ शकेल.

मत्तय 9:17 मधला बुधल्यांचा दृष्टांत आपण नव्याच्या कौतुकासाठी सांगतो. पण जुना बुधला फुटू नये, हीही काळजी प्रभूच्या त्या बोलण्यात आहे. आता उपासनेत गीते पडद्यावर येतात. हातात गीतपुस्तक घेऊन बसणाऱ्या आजींसाठी आपण जरा थांबू या. प्रभू आपल्याला तेवढा धीर देवो. आमेन.