९१ जण कुठे गेले?

कॅम्पस भरतीच्या अर्जांची पहिली चाळणी आमच्या कंपनीत मी लावते. एचआर एकेक अट सांगतं, मी एकेक एसक्यूएल क्वेरी चालवते. आधी दहावीला किमान ६० टक्के. जे उरले त्यांच्यातून बारावीला ६०. त्यांच्यातून डिग्रीला ६०. प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरालाच पुढचा प्रश्न.

हे जमतं कारण १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉडने मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये टेबलाला प्रश्न विचारला की उत्तरही टेबलच येतं. त्यालाही पुन्हा प्रश्न विचारता येतो. यादी लहान होत जाते. पण एका पायरीवर गळलेला माणूस पुढच्या चाळण्यांत परत येत नाही.

परवा रात्री टेस्टिंग करताना गंमत म्हणून मी स्वतःचे मार्क टाकले. पहिल्या यादीत मी होते. दुसऱ्या यादीत नव्हते.

दहावीनंतर मी डिप्लोमा केला आणि इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात आले. बारावी केलीच नाही. त्यामुळे त्या रकान्यात नल.

नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. ही माहीत नसलेली किंमत ६० किंवा जास्त आहे का? एसक्यूएल 'हो' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. ते म्हणतं, 'सांगता येत नाही'. आणि व्हेअरच्या अटीतून फक्त 'हो'वाल्या ओळी पुढे जातात.

मग उलटं विचारून पाहिलं. पहिल्या यादीत ९१० जण. बारावीला ६० किंवा जास्त : ६१२. साठच्या खाली : २०७. बेरीज ८१९. उरलेले ९१ जण पासही नाहीत, नापासही नाहीत. एरर नाही, वॉर्निंग नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती : बारावी रिकामी असेल तर डिप्लोमाचे टक्के धर. पण ती शेवटच्या यादीवर चालवून काय उपयोग? गळलेले तिथे नव्हतेच. पहिल्या यादीपर्यंत मागे जाऊन सगळ्या चाळण्या पुन्हा लावल्या. ९१ पैकी ५८ जण शेवटपर्यंत टिकले. सकाळी परीक्षेच्या लिंक गेल्या, त्यांनाही गेल्या.

शेवटच्या वर्षाला असताना एका कंपनीच्या यादीत माझं नाव नव्हतं. सगळ्या अटींत बसत होते तरी. आपल्यातच काहीतरी कमी असेल म्हणून मी कुणाला विचारलं नाही. रूमवर जाऊन झोपले. कारण नलच होतं की दुसरं काही, आता कळणार नाही.

टीम लीडला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं सापडलं. गेल्या वर्षी तर कुणाची तक्रार नव्हती."

कशी असेल? यादीत नाव नसलेला माणूस तक्रार करत नाही, पुढच्या कंपनीची तयारी करतो.

गेल्या वर्षीची क्वेरीही मीच लिहिली होती. ती काल पुन्हा चालवली. ७४ जण. त्यांना पुन्हा बोलवावं, असा मेल एचआरला लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. चूक माझी होती, हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय. आज पाठवते.