एक ढिला स्क्रू

"तुमचा एक स्क्रू ढिलाच आहे," हे वाक्य सौ. मला जवळजवळ पन्नास वर्षं ऐकवत आली आहे. यंदा ते शब्दशः खरं निघालं. त्याचीच ही गोष्ट. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी निवृत्त मास्तर रिमोटवर पळणारी गाडी का घेतो, असं नातेवाइकांपैकी तिघांनी फोन करून विचारलं. तिघांना एकदमच उत्तर देतो.

१९८६ च्या दिवाळीत आमचे मेहुणे मस्कतहून आले, ते एक मोठा खोका घेऊन. आत तामियाची ग्रासहॉपर. जपानी कंपनीची, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, खडबडीत जमिनीवर पळणारी बग्गी. तयार नव्हे, सगळे भाग सुटे. जोडायची आपण. भेट होती चिरंजीवांना, वय वर्षं आठ. जोडली मात्र मी. चार रात्री जेवणं उरकल्यावर सतरंजीवर पुस्तिका उघडून बसलो होतो. चिरंजीव शेजारी बसून स्क्रू हातात द्यायचे. "हात लावू नकोस, हरवशील," हे मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

गाडी पळाली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. बॅटरी रात्रभर चार्ज करायची आणि गाडी दहा-बारा मिनिटं पळायची. तेवढ्यासाठी पोरं दिवसभर थांबायची. चौथ्या की पाचव्या दिवशी रिमोट पहिल्यांदा चिरंजीवांच्या हातात दिला. त्यांनी गाडी सरळ दगडी कुंपणावर घातली. उचलून पुन्हा ठेवली तर मोटर गरगरतेय, चाकं मात्र ढिम्म. मी निदान केलं, गिअरचे दाते गेले. सुटे भाग साताऱ्यात कुठून मिळणार? सगळ्या पोरांदेखत पाठीत एक धपाटा घातला, वर 'वस्तूची किंमत' या विषयावर तासभर व्याख्यान दिलं आणि गाडी माळ्यावर टाकली. चिरंजीवांनी ती पुन्हा कधी मागितली नाही.

या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास माळा आवरताना तो खोका सापडला. टायरच्या रबराला भेगा गेलेल्या, बॅटरीला पांढरा क्षार फुटलेला. आता मोडायचं तरी काय उरलं होतं, म्हणून गिअरबॉक्स उघडला. दाते सगळे शाबूत! मोटरच्या शाफ्टवर पिनियन म्हणून एक छोटं दातेरी चाक असतं. ते एका बारीक स्क्रूने घट्ट करायचं असतं, आणि तेही शाफ्टच्या सपाट बाजूवर. बोटाने फिरवून पाहिलं तर पिनियन शाफ्टवर मोकळं फिरत होतं. स्क्रू ढिला. तो घट्ट करायचं काम माझं होतं. खोक्यातलीच षट्कोनी चावी घेतली, अर्धा फेरा दिला, झालं.

म्हणजे गाडी मोडलीच नव्हती. धपाटा मात्र बसला होता. मी बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो.

तर मंडळी, नवी गाडी घ्यायचं ठरलं ते तिथे. जुनीवर नवे टायर चढवता आले असते, पण ती आता म्हातारी आहे, कपाटातच शोभते. नातू अकरा वर्षांचा, मे महिन्यात येणार होता. त्याच्यासाठी अशी गाडी हवी होती, जी मोडली तरी कुणाला व्याख्यान द्यावं लागणार नाही. पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याला या गाड्यांचा नाद आहे. त्याची शिकवणी लावली. गुरू-शिष्यांची अदलाबदल!

शिष्याने, म्हणजे गुरूने, पहिला धडा दिला तो असा : गाडी किती वेगाने पळते ते आधी विचारू नका, तिचे सुटे भाग मिळतात का ते विचारा. चकचकीत खोक्यातली अनेक स्वस्त खेळणी एक भाग तुटला की कचऱ्यात जातात. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक ट्रॅक्ससची स्लॅश. ही तयारच मिळते, बॉल बेअरिंग आधीच बसवलेली, पाण्या-चिखलाला न घाबरणारी. दुसरी तामियाची टीटी-०२बी. ही सुटी येते, रिमोटचा संच वेगळा घ्यायचा. चारही चाकांना जोर देणारा दांडा मधून जातो आणि गिअर बंद पेटीत असतात. आमच्या कॉलनीमागच्या माळावर मुरूम आणि बारीक खडी, तिथे चारही चाकांना जोर असलेला बरा. बंद पेटीत खडाही शिरत नाही. शिवाय गाडी जोडायचीच होती, त्याशिवाय माझं कर्ज फिटणार नव्हतं. स्लॅश उत्तम असूनही टीटी-०२बी घेतली.

सुधारणांचा क्रमही शिकलो. नव्या पोरांना आधी मोठी मोटर हवी असते. ती शेवटी. साध्या संचात चाकांचे आस बुशमध्ये फिरतात. त्यात धूळ गेली की ते झिजतात, मग आस डगमगतो. म्हणून पहिला खर्च बॉल बेअरिंगचा. थोडक्या पैशात गाडी हलकी पळते आणि टिकतेही. मग जमिनीला साजेसे टायर. मग शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल पातळ-जाड करून बघायचं. मोटर ब्रशलेस करायची झालीच तर त्यानंतर, कारण जोर वाढला की जो भाग कच्चा असेल तो आधी तुटतो. पाया कच्चा असताना मुलाला वरच्या वर्गात ढकलू नये, हे मी उभ्या हयातीत पालकांना सांगत आलो. इथेही तेच!

बॅटरीवर थोडा वाद झाला. लिथियम पॉलिमर हलकी आणि जोरदार, पण तिचा एकेक सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नाही, ३ च्या खाली उतरवायचा नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर मुळीच नाही. मी गॅसवर दूध ठेवून विसरणारा माणूस. सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड घेतली. गंमत म्हणजे जुन्या ग्रासहॉपरच्या बॅटरीला जो पांढरा प्लग होता, तोच अजून चालतो.

गाडीच्या मागणीबरोबरच पुढच्या चाकांच्या आर्मच्या दोन जोड्या जास्तीच्या मागवल्या. दुकानदार म्हणाला, "काका, गाडी अजून पळालीपण नाही." म्हटलं, "म्हणूनच."

मे महिन्यात तिघे सतरंजीवर बसलो. या वेळी स्क्रू हातात देण्याचं काम माझं. नातू जोडत होता. चिरंजीव खुर्चीत बसून लॅपटॉपवर होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "जपून रे, हरवशील." माझा आवाज मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होता. पिनियनपाशी आलो तेव्हा मी नातवाला थांबवलं आणि चिरंजीवांना खाली बोलावलं. जुनी गाडी काढून दाखवली. "हा स्क्रू मी ढिला ठेवला होता. तू काही मोडलं नव्हतंस. धपाटा चुकीचा होता." एवढंच बोलता आलं. वर्गात चाळीस मुलांसमोर तास-तास बोलणारा मी!

ते काही बोलले नाहीत. जुनं पिनियन बोटाने फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "अण्णा, मला कायम वाटत आलं, माझ्या हातून वस्तू मोडतात." आणि उठून पाणी प्यायला गेले. परत आले ते खुर्चीत न बसता सतरंजीवर.

तिसऱ्या दिवशी माळावर नातवाने गाडी मैलाच्या दगडावर घातली. पुढचा आर्म तुटला. पोराने गाडीकडे न बघता आधी बापाकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. मी खिशातून आर्मची पुडी काढली, पण चिरंजीवांनी ती माझ्या हातातून घेतली. मुरमात फतकल मारून बसले आणि पोराला म्हणाले, "ये, तू स्क्रू काढ, मी धरतो."

वीस मिनिटांत गाडी पुन्हा पळत होती. बेअरिंग दिवाळीला बसवायची आहेत, तोवर बुशवरच चालू दे. असो. सौ. म्हणते, अजून एक-दोन स्क्रू ढिले आहेतच. असतील. आता निदान तपासून बघतो.