मॉरिशस: वहीच्या मागच्या पानांवरून

पहिल्या सकाळी समुद्र बघून हिरमोडच झाला. लाट कुठाय? पाणी कमरेएवढं, तळ्यासारखं निवांत. गाज येते, पण लांबून. तिथे एक पांढरी रेघ सतत हलत असते. ते प्रवाळाचं कुंपण. खोल समुद्रातून आलेली लाट त्यावर फुटते आणि अलीकडे फक्त निळाई पोचते. पोहता न येणाऱ्या माणसालाही समुद्रात उतरावंसं वाटतं, ते या कुंपणामुळे. दक्षिणेला ग्रि-ग्रि इथे मात्र ते नाही. तिथे लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. मी कोकणातला, मला तिथे बरं वाटलं.

•

घड्याळ दीड तास मागे. आपल्याकडे पाऊस, तेव्हा इथे हिवाळा. जानेवारी ते मार्च वादळांचा धोका, त्यामुळे जून-जुलै उत्तम.

•

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या. 1834 पासून 1920 पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ 5 लाख करारबद्ध मजूर या बेटावर आले, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. 2006 साली युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा ठरवलं. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला अर्धा तास होता आणि खरेदीला तीन.

•

त्या मजुरांत रत्नागिरीकडचेही होते. त्यांच्या जाखडी नाचाची इथे ‘झाकरी’ झाली. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते! बोलायला मात्र सगळ्यांच्या तोंडी क्रिओल.

•

रविवारी किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत अख्खी कुटुंबं येतात, पातेली घेऊन. चटई, भात, रस्सा, गाणी. हॉटेलच्या आरामखुर्चीत पडून राहिलेल्याला यातलं काही दिसत नाही. ती खुर्ची मीही दोन दिवस सोडली नव्हती, हे कबूल.

•

धोल पुरी: शिजवून वाटलेली डाळ, हळद-जिरं घालून, पातळ पोळीत भरलेली. म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळीच की, असं मनात आलं. वर घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची आमटीसारखी रुगाय आणि हिरव्या मिरचीचं झणझणीत वाटण. मागायची ती जोडीनेच. मी ‘एक द्या’ म्हटलं, तर गाडीवाल्याने दोन गुंडाळून हातात ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.