सवयीची पकड

2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघा वेटलिफ्टरांनी कांस्यपदके मिळवली, त्याचे श्रेय केवळ जिद्दीला देणे अपुरे ठरते. जिद्द दिवसागणिक कमी-जास्त होते, सवय मात्र ठरलेल्या वेळेच्या आणि जागेच्या आधाराने टिकते. स्नॅच, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेण्याचा प्रकार, शिकताना तळहातांना पांढरी पूड चोळणे, अंगठा बोटांखाली दाबून बार धरणे आणि पाठ ताठ ठेवणे हा क्रम हलक्या वजनावर इतका घोटला जातो, की जड वजनापुढे विचाराला उसंत नसतानाही शरीर तो आपसूक पाळते. ही सवय टिकवण्यात सोबत्यांचे मोल फार मोठे, कारण एकट्याने केलेला खाडा कोणाच्या ध्यानात येत नाही, व्यायामशाळेत मात्र त्याची लगेच विचारणा होते.