मैलापूरची दुपार

मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी संपतो. त्या दिवसांत चेन्नईच्या मैलापुरात पहाटेच बाहेर पडावं. कपालीश्वराच्या देवळाला वेढून चार रस्ते आहेत, त्यांना माड रस्ते म्हणतात. दारापुढे सडे पडलेले असतात, त्यांवर तांदळाच्या पिठाचे कोलम उमटत असतात. शंकराच्या देवळात माणिक्कवाचकरांची तिरुवेंपावै चालू असते, पलीकडे केशव पेरुमाळाच्या देवळात आंडाळची तिरुप्पावै. रस्त्यावरून टाळ वाजवत भजनकरी जातात. याच रस्त्यांवरून पापनाशम शिवन मार्गळीत भजन गात प्रदक्षिणा घालत. शेकडो रचना करणारे हे वाग्गेयकार १९७३ साली गेले. मैलापूरची पहाट अजून त्यांच्याच वळणाची आहे.

माझा डिसेंबर म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या उत्सवाला एकच मंच असतो आणि त्याच्यापुढे अख्खं गाव बसतं. कोण कधी गाणार हे ठरलेलं असतं, श्रोत्यानं मन मोकळं ठेवून बसायचं. तो आटोपून मी चेन्नईला गेले. इथे डिसेंबरात एकाच वेळी अनेक सभांत गाणं चालू असतं, म्हणून निवड श्रोत्यावर येते. सकाळी पेपर उघडला की त्या दिवसाच्या कच्चेऱ्यांची, म्हणजे मैफलींची, यादी डोळ्यांत मावत नाही. टी. टी. के. रोडवर म्युझिक अकादमी, त्याच रस्त्यावर नारद गान सभा. मैलापुरात रसिक रंजनी सभा आणि फाइन आर्ट्स क्लब. टी. नगरात कृष्ण गान सभा, वाणी महाल. ट्रिप्लिकेनला पार्थसारथी स्वामी सभा, ती तर १९०० सालची. समुद्राच्या कडेनं दक्षिणेला गेलं की तिरुवान्मियूरला नर्तकी रुक्मिणीदेवींची कलाक्षेत्र ही संस्था. एकीकडून दुसरीकडे रिक्षेनं जाताना शहर आपोआप पायाखालचं होतं. इथल्या वस्त्या मी सभांवरून ओळखायला शिकले.

म्युझिक अकादमीचा जन्म राजकारणाच्या मांडवातला. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ मध्ये ही संस्था उभी राहिली. संध्याकाळच्या मोठ्या मैफलींसाठी लोक तिला ओळखतात. मला तिथली सकाळ अधिक आवडली. सकाळी आठच्या सुमाराला विद्वान एखाद्या रागाच्या एका स्वरावर तासभर बोलतात, गाऊन दाखवतात, समोरचे वृद्ध श्रोते वहीत टिपून घेतात आणि मग उठून प्रश्न विचारतात. अकादमीचा मान असतो ‘संगीत कलानिधी’. १९६८ साली तो एम. एस. सुब्बुलक्ष्मींना मिळाला, आणि तोवर एकाही स्त्रीला तो मिळाला नव्हता.

पण या शहरातलं खरं ऐकणं दुपारचं आहे. संध्याकाळी नावाजलेले गायक, तिकिटं, रेशमी साड्यांची गर्दी. दुपारी बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. मंचावर विशीतली मुलं बसतात. समोर खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या, पुढे गुरू, बाजूला थर्मास घेतलेली आई, मागे पंख्याखाली काही म्हातारी माणसं. गाणाऱ्या मुलीच्या आवाजात सुरुवातीला थरथर असते. व्हायोलिनवाला तिच्याच वयाचा. तो तिच्या तानेमागून सावलीसारखा जातो आणि ती थांबली की तेच वाक्य आपल्या गजानं पुन्हा सांगतो. मृदंगाची पहिली थाप पडते आणि तिची मान ताठ होते.

अशाच एका दुपारी शेजारच्या मामींनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी आपली समेची वाट पाहत स्वस्थ बसले होते. त्यांनी काही न बोलता स्वतःचा हात माझ्यासमोर धरला. तळहात मांडीवर पालथा पडला. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप, हात उताणा. पुन्हा थाप, हात उताणा. आठ मात्रांचा आदिताल. मी मोजायला लागले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “हात थांबवू नको मा, बाकीचं होईल.” पाचदहा आवर्तनांत झालंही. सभागृहातले सगळे हात एकाच वेळी पडत होते, एकाच वेळी उलटत होते. आपल्याकडे ताल तबल्यापाशी असतो आणि श्रोता समेला दाद देतो. इथे ताल श्रोत्याच्या मांडीवर असतो, सबंध मैफलभर. मंचावर कोणी चुकलं तर ते आधी श्रोत्याच्या हाताला कळतं. त्या मुलीला सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांपेक्षा हे पंधरावीस हात मोलाचे होते, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

ती हंसध्वनी गात होती. हा राग दक्षिणेचा. आपल्याकडे भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो रुजवला, म्हणून तो मला घरचा वाटतो. इथे मुथुस्वामी दीक्षितरांच्या ‘वातापि गणपतिं’तून तो येतो तेव्हा अंगाची ठेवण तीच असते आणि चाल वेगळी असते. स्वर जागेवर स्थिर राहत नाही, हिंदकळतो. विलंबित ख्यालातला तो लांब, संथ प्रवेश नसतो. रचना अगोदर, तिच्या पोटातून मग विस्तार. मैफलीचा हा आजचा घाट अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी (१८९०–१९६७) बसवला: आरंभी वर्णम्, मग वेगवेगळ्या रागांतल्या कृती, मध्यभागी एक भारदस्त रचना, तिच्या शेवटी मृदंगाचं तनि आवर्तनम् आणि मग हलक्या छोट्या रचना.

तनि सुरू झालं की सभागृहातले बरेच लोक उठून कॅन्टीनकडे निघतात. सभांची कॅन्टीनं इथे मैफलीइतकीच नावाजलेली आहेत. कोहळ्याचा काशी हलवा, कीरै वडा, पितळी डबऱ्यातली कॉफी, सगळं उत्तम. तरीही दोन तास साथ केलेला मृदंगवादक आपलं बोलणं मांडायला लागावा आणि नेमक्या त्याच क्षणी खुर्च्या रिकाम्या व्हाव्यात, हे मला खुपलं. मामी उठल्या नाहीत. घटम् आणि मृदंगाचे सवालजवाब आखूड आखूड होत एकमेकांत मिसळले, तोवर त्यांचा हात चालूच होता.

आणि मग शेवटच्या रचनांत अभंग आला. मैलापूरच्या भर दुपारी विठ्ठल. शब्दांवर तमिळ वळण होतं, पण भाव कुठेही परका नव्हता. अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी अभंग या मंचावर लोकप्रिय केला हे खरं, पण त्याची वाट जुनी आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं राहिलं. त्या दरबाराच्या आश्रयानं मराठी कीर्तन कावेरीकाठी पोचलं. पुढे तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून हरिकथेचा तमिळ थाट उभा केला, आणि त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आपापल्या नावानिशी राहिले. मैलापुरातल्या मामींना अभंग पाठ असतो तो असा.

मराठी मुलखातून पुढेही माणसं येत राहिली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेहून वारंवार दक्षिणेत येत. त्यांच्या सरगमेवर कर्नाटक संगीताचा संस्कार आहे. त्यागराजांची एक कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर त्यांना उतरावं लागलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांची कबर मिरजेत आहे. चेंगलपट्टूची लोकल आजही त्या स्थानकावर थांबते. मी गेले, फलाटावर थोडा वेळ बसले. सवाई गंधर्वांचे ते गुरू. माझ्या पुण्यातल्या डिसेंबरचं मूळ त्यांच्यापाशी जाऊन पोचतं.

मैलापूरच्या आधी या शहराचं गाणं उत्तरेला, जॉर्ज टाऊनच्या अरुंद गल्ल्यांत राहत होतं. रामकृष्ण चेट्टी रस्त्यावर वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी वीणा वाजे आणि मोठमोठे गवई श्वास रोखून ऐकत. ते देवदासींच्या परंपरेतलं घर होतं. जवळच अर्मेनियन स्ट्रीटवर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाचा हॉल आहे, १९१५ सालचा, अ‍ॅनी बेझंट यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला. होमरूलची भाषणं आणि कच्चेऱ्या दोन्ही त्या एका छताखाली झाल्या. पुढे शहराचे वकील आणि अधिकारी दक्षिणेकडे सरकले, सभा त्यांच्यामागून गेल्या, आणि ज्या घराण्यांतल्या बायकांनी हे संगीत जपलं होतं त्यांच्यासाठी नव्या मंचावरची जागा आकसत गेली. मैलापूरवर माझा जीव आहे, म्हणूनच हे सांगावंसं वाटतं. सभेतल्या रांगांवरून नजर फिरवली की बहुतेक चेहरे एकाच सामाजिक थरातले दिसतात.

म्हणून पाहुण्यानं व्यासरपाडीचं नाव ऐकून घ्यावं. उत्तर चेन्नईतल्या कष्टकरी दलित वस्त्यांत गाना नावाचं गाणं वाढलं. मयताच्या रात्री जागत, गेलेल्या माणसाचं आयुष्य गाऊन सांगायचं, ही त्याची मूळ रीत. त्यातलं दुःख आणि धिटाई कुठल्याही शास्त्रीय मैफलीइतकीच खोल आहे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं जमलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’नं २०१८ च्या जानेवारीत गाना, रॅप आणि रॉक एका मंचावर आणलं आणि हजारो लोक ऐकायला आले. २०१५ साली बेसंत नगरच्या किनाऱ्याला लागून असलेल्या उरूर ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात गायक टी. एम. कृष्ण आणि त्यांच्या सोबत्यांनी वस्तीतल्या लोकांसह उत्सव सुरू केला. तिथे परै हे चर्मवाद्य वाजलं आणि कर्नाटक संगीतही झालं, मासेमारीच्या होड्यांच्या शेजारी. २०१७ मध्ये युनेस्कोनं चेन्नईला संगीताचं शहर म्हणून मान दिला. तो मान टी. टी. के. रोडइतकाच व्यासरपाडीचाही आहे, असं मी मानते.

चेन्नईला जायचं तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा आणि मैलापुरात उतरा. संध्याकाळच्या एखाद्या मोठ्या मैफलीचं तिकीट जरूर काढा. पण दुपारी दीड-दोनला जेवून झोपू नका. जवळच्या कुठल्याही सभेत शिरा, पुढच्या रांगेत बसा, हात मांडीवर ठेवा आणि तनि संपेपर्यंत उठू नका. गाणाऱ्या त्या मुलांना समोर माणसं हवी आहेत.