मागे देऊन पुढे जाणे

मनुष्यास कोणत्या खेळाचे वेड लागावे, याचा काही नेम नाही. नांदेडास राहणाऱ्याने हॉकीचा शौक धरला तर कोणी नवल करणार नाही. गुरू गोविंदसिंहजींच्या नावाची हॉकीची मोठी स्पर्धा येथे भरत असते. लातूरकराने कुस्तीचा नाद केला तरी तो शोभून दिसतो. हरिश्चंद्र बिराजदारांसारखे मल्ल त्याच मातीतून निघाले. परंतु प्रस्तुत लेखकास वेड आहे ते रग्बीचे, आणि या दोन्ही गावी ते नाव उच्चारताच "हा कोणता हो खेळ?" असा प्रश्न ठरलेला. म्हणून प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतो.

रग्बीत दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू लंबगोल असतो. तो हाती घेऊन पळावयाचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटल्या रेषेपलीकडे जमिनीस टेकवावयाचा. यास 'ट्राय' म्हणतात व त्याचे ५ गुण मिळतात. मागाहून उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केल्यास आणखी २ गुण. प्रतिपक्षाने नियमभंग केल्यास 'पेनल्टी' मिळते. तीही याच रीतीने खांबांमधून पार केली, तर ३ गुण. चेंडू घेऊन पळणाऱ्यास कमरेस वा पायांस मिठी घालून पाडता येते. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे अधिक समजावून सांगावयास नको. पण या खेळाचा खरा विलक्षण नियम निराळाच आहे. हातातील चेंडू सोबत्यास द्यावयाचा, तर तो पुढे फेकता येत नाही. बाजूस किंवा मागे असलेल्यासच द्यावा लागतो. संघाने पुढे जावयाचे, आणि चेंडू मात्र मागे द्यावयाचा!

हा खेळ आपल्या देशास नवा नाही. १८७३ साली कलकत्त्यास इंग्रजांनी रग्बीचा क्लब स्थापिला. काही वर्षांनी तो मोडला, तेव्हा शिलकेतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. या 'कलकत्ता चषका'साठी इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत. रुपये येथले, नाग आणि हत्तीही येथले. मैदानावर मात्र आपण नव्हतो. पुष्कळ काळपर्यंत हा खेळ साहेबांच्या जिमखान्यांतच राहिला.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे २२ जून २०१९ या दिवसाचे मोल कळेल. त्या दिवशी फिलिपाइन्स देशातील मनिला येथे भारताच्या महिला संघाने सिंगापूरचा २१–१९ असा पराभव केला. पंधरा जणींचा आपला संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रथम उतरला तो २०१८ साली. आणि हा त्याचा पहिलाच विजय. संघाची नायिका पुण्याची वाहबिझ भरूचा. संघात बिहारची स्वीटी कुमारी होती. तिच्या वेगाची पुढे आशिया खंडात ख्याती झाली. सामना अगदी संपत आलेला असताना भारतास पेनल्टी मिळाली आणि सुमित्रा नायक हिने चेंडू लाथाडला. तो खांबांमधून पार गेला. ते ३ गुण वजा करून पाहा: भारत १८, सिंगापूर १९! एका मुलीच्या पायावर एका देशाचा पहिला विजय तोलला होता. तो झेंडा उंचावताच आमच्या मुलींच्या डोळ्यांतून पाणी आले, यात नवल ते काय?

ही सुमित्रा ओडिशातील जाजपूर जिल्ह्यातली. भुवनेश्वर येथे आदिवासी मुलांकरिता चालविलेल्या कलिंग संस्थेत ती वाढली व तेथेच हा खेळ शिकली. याच संस्थेच्या मुलांनी २००७ साली लंडन येथे चौदा वर्षांखालील शालेय विश्वचषक जिंकला होता. म्हणजे मनिलाच्या विजयाचे मूळ कोणा श्रीमंत क्लबात सापडत नाही. ते एका शाळेच्या मैदानावर सापडते.

आता भविष्याविषयी. एका विजयाने हुरळून जाणे शहाणपणाचे नव्हे. २०२५ साली इंग्लंडात महिलांचा विश्वचषक झाला. त्यात १६ राष्ट्रे खेळली व आशियातून एकटा जपान होता. आपण तेथवर पोहोचलेलो नाही. त्याच वर्षी मुंबईस पुरुषांची सहा संघांची व्यावसायिक लीग प्रथमच भरली, ही आनंदाची गोष्ट खरी. पण पैशाने स्पर्धा उभी राहते, खेळाडू उभे राहत नाहीत. ते शाळांतूनच यावयाचे.

आणि येथेच आपला, म्हणजे नांदेड-लातूरच्या लोकांचा, संबंध येतो. आमच्या काळ्या मातीत वाढलेल्या पोरी खो-खोत हरणासारख्या पळतात आणि कबड्डीत भल्याभल्यांचा पाय सोडीत नाहीत. परंतु आठवी-नववीचे वर्ष उजाडले की मैदान ओस पडू लागते. शिकवणीची वेळ झाली, उन्हाने काळवंडशील, हातपाय मोडला तर पुढे कसे व्हावयाचे, लोक काय म्हणतील — अशा एकेका कारणाने एकेक मुलगी घरी बोलावली जाते. मुलीची काळजी वाटणे हा आईबापांचा धर्मच आहे, व लातूरच्या अभ्यासाचा लौकिक कोणास नको आहे? पण सायंकाळचा एक तास मैदानास दिल्याने विद्या रुसून जाते, असे मात्र समजू नये.

संत पौलाने करिंथकरांस धाडलेल्या पहिल्या पत्रात एका देहाच्या अनेक अवयवांचा दृष्टान्त दिला आहे. रग्बीचा संघ अगदी तसाच असतो. धिप्पाड मुलगी रेटा देण्यास हवी, बुटकी व चपळ मुलगी चेंडू काढण्यास हवी, सडपातळ मुलगी कडेने पळण्यास हवी. "तू या खेळाच्या कामाची नाहीस," असे येथे कोणासही सांगण्याची सोय नाही.

पालकहो, पुढे पळणारे आपण आहोत आणि चेंडू आज आपल्या हाती आहे. आपणांस जे मिळाले नाही, ते पुढे पुढे नेत एकट्यानेच किती धावणार? केव्हा तरी तो मागून येणारीच्या हाती द्यावा लागेल. आणि तिला मैदानावर येऊच दिले नाही, तर द्यावयाचा कोणास?

आणि मुलींनो, तुम्ही मात्र मागे, पण जवळच राहा. हात पुढे करून, तयारीने. चेंडू केव्हा येईल ते सांगता येत नाही.